डेक्कन कॉलेजची वास्तू : दक्षिणा, देणगी आणि विद्या

एखाद्या विद्यासंस्थेचा इतिहास आणि तिच्या वास्तूचा इतिहास हे वस्तुतः दोन निराळे विषय होत. परंतु संस्था जुनी व इमारत भव्य असली म्हणजे या दोहोंची सरमिसळ सहज होते, आणि मग एकीचे वय दुसरीला चिकटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बाबतीत असे वारंवार घडते. संस्थेचा आरंभ इ. स. १८२१ मध्ये शहराच्या मध्यवस्तीतील विश्रामबागवाड्यात झाला; येरवड्याच्या माळावरील करड्या दगडाच्या इमारतीची कोनशिला १८६४ साली बसली; आणि आज तेथे चालणाऱ्या संशोधनकार्याची परंपरा १९३९ पासूनची आहे. या तीन तारखांमध्ये केवळ कालाचे अंतर नाही. विद्या कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या अधिकाराखाली, या प्रश्नांची तीन निरनिराळी उत्तरे त्यांत साठविलेली आहेत. प्रस्तुत लेखात या वास्तूचा विचार त्या दृष्टीने केला आहे. इमारत कोणी बांधली व ती कशी आहे, एवढे सांगून हा विचार संपत नाही. त्या इमारतीने संस्थेला काय दिले आणि संस्थेवर कोणती बंधने घातली, हेही पाहिले पाहिजे.

१. वाड्यातील पाठशाळा

पेशवाईचा अंत १८१८ मध्ये झाला. दक्खनचा कारभार हाती आलेल्या माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनपुढे एक नाजूक प्रश्न होता. पुण्यात श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. सेनापती दाभाड्यांच्या घराण्यात चालत आलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली व फार मोठ्या प्रमाणावर चालविली. राज्य गेले तरी दक्षिणेची अपेक्षा राहिली होती. ती एकदम बंद करावी तर शास्त्रीमंडळात असंतोष पसरणार, आणि होती तशी चालवावी तर खजिन्यावर भार पडणार. या पेचातून जो मार्ग निघाला तो म्हणजे दक्षिणेच्या निधीचा काही भाग विद्यादानाकडे वळविणे. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, ती या धोरणाचे फळ होय. ‘हिंदू कॉलेज’ असेही तिला म्हणत.

जागेची निवड अर्थपूर्ण होती. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. ज्या वाड्यात शेवटचा पेशवा राहत होता, त्याच वाड्यात नव्या राज्यकर्त्यांनी शास्त्र्यांना बसविले. याहून स्पष्ट राजकीय संदेश शब्दांनी देता आला नसता. वास्तूच्या अंगाने पाहिले तर वाडा ही अंतर्मुख रचना आहे. रस्त्याच्या बाजूला दर्शनी भाग, आत एकामागून एक चौक, चौकाभोवती ओसऱ्या व सोपे, आणि सर्व भार सागवानी खांब व तुळया यांवर तोललेला. सुरूच्या झाडाच्या घाटाचे कोरीव खांब हा या वाड्याचा विशेष. अशा जागेत अध्यापनाची जी पद्धत बसते ती बैठकीची. एका ओसरीवर न्याय चालावा, दुसऱ्या ओसरीवर व्याकरण, तिसरीवर ज्योतिष. गुरूभोवती आठदहा विद्यार्थी, मध्ये फळा नाही, समोर बाके नाहीत. वाड्याने पाठशाळेला तिची नैसर्गिक मांडणी दिली असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु वाड्याला दरवाजाही असतो. पाठशाळेत विद्यार्थी घेतले जात ते ब्राह्मण वर्गातील, आणि दक्षिणेच्या निधीतून निघालेल्या संस्थेत हे क्रमप्राप्तच मानले जाई. ही मर्यादा ध्यानात ठेवली म्हणजे त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी घडलेल्या प्रसंगाचे महत्त्व कळते. त्या दिवशी मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे तेथे सत्कार झाला. सत्कार करणारे मेजर थॉमस कँडी हे होते. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामात सहभागी असलेले, १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध करणारे, आणि मराठी गद्यात विरामचिन्हांची शिस्त रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते तेच हे कँडी. पाठशाळेवरील देखरेखही त्यांच्याकडेच होती. एकाच छपराखाली निवडक वर्गाची शास्त्रविद्या आणि सर्वांसाठी शिक्षणाचा गौरव अशा दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या; त्यांतील विसंगती त्या काळच्या धोरणातच होती.

दरम्यान संस्थेचे स्वरूप पालटत होते. १८५१ मध्ये पाठशाळा व पुण्याची सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ करण्यात आले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, शालेय वर्ग निराळे निघाले आणि महाविद्यालयीन शिक्षणाला स्वतंत्र रूप आले. पुढे ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्यामुळे विख्यात झालेले एडविन आर्नल्ड हे याच संधिकालात तेथे प्राचार्य होते. विद्यापीठाच्या परीक्षा, ठराविक अभ्यासक्रम, वर्गवार व्याख्याने, ग्रंथालय, वसतिगृह या नव्या गरजा चौकाच्या आणि ओसरीच्या मापात बसणाऱ्या नव्हत्या. नव्या इमारतीची निकड येथून उत्पन्न झाली.

२. नावांची साक्ष

१८६४ मध्ये ‘पूना कॉलेज’चे ‘डेक्कन कॉलेज’ झाले. संस्थेच्या नावांतील हे बदल भाषेच्या अभ्यासकाला पुष्कळ सांगून जातात.

‘पाठशाळा’ या समासातील ‘शाला’ या शब्दाचा मूळ अर्थ निवारा, घर, दालन असा आहे. गोशाळा, धर्मशाळा, यज्ञशाळा या शब्दांत तो अद्याप शाबूत आहे. म्हणजे ‘पाठशाळा’ हे नाव स्थळाला दिलेले आहे. जेथे पाठ होतो ते घर. उलटपक्षी ‘कॉलेज’ हा शब्द लॅटिन ‘कोलेगियम’पासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ एका नियमाने परस्परांशी बांधलेल्या व्यक्तींचा समुदाय असा आहे. त्यात भिंतींचा उल्लेख नाही. मौज अशी की, स्थळवाचक नाव धारण करणाऱ्या पाठशाळेला स्वतःचे घर नव्हते. ती दुसऱ्याच्या वाड्यात भरत असे. समुदायवाचक नाव घेतल्यावर मात्र तिला स्वतःचे घर मिळाले, आणि पुढे लोकव्यवहारात ‘कॉलेज’ म्हणजे ती इमारत असाच अर्थ रूढ झाला. घर व समुदाय या दोन अर्थांतील हा ताण १९३४ साली प्रत्यक्ष वादाचा विषय होणार होता.

‘डेक्कन’ हा शब्दही असाच पाहण्याजोगा आहे. संस्कृत ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, कुशल. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हाताला येते ती दिशा दक्षिण. प्राकृतात त्याचे ‘दक्खिण’ झाले, त्यावरून दख्खन, आणि इंग्रजांच्या तोंडी ‘डेक्कन’. यज्ञात ऋत्विजाला दिली जाणारी उत्तम दुभती गाय ती ‘दक्षिणा’. हा शब्द त्याच मुळातून निघालेला आहे. पाठशाळा ज्या निधीवर उभी राहिली त्याचे नाव आणि महाविद्यालयाने पुढे धारण केलेले नाव हे दोन्ही एकाच शब्दाचे वंशज आहेत. हा योगायोग खरा. परंतु निधीचा धागा केवळ शब्दापुरता राहिला नाही. दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली, आणि महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकीच एक. श्रावणातील दानाचे रूपांतर अशा रीतीने अध्ययनवृत्तीत झाले.

३. कापूस, देणगी आणि कोनशिला

नव्या इमारतीला चालना मिळाली ती एक लक्ष रुपयांच्या देणगीने. ही देणगी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्याकडून आली. पहिले बॅरोनेट सर जमशेटजी १८५९ मध्ये निवर्तले. त्यांच्या औदार्याची परंपरा त्यांच्या वारसांनी पुढे चालविली. पुण्याशी या घराण्याचा संबंध नवा नव्हता. मुळा-मुठेच्या संगमाखाली येरवड्याजवळ नदीला घातलेला जो बंधारा आहे, आणि ज्याच्यामुळे ‘बंडगार्डन’ हे नाव पडले, तो त्यांच्याच साहाय्याने झाला. पाणी अडवून शहराला उपयोगी पडावे म्हणून एक देणगी, आणि त्याच नदीच्या पलीकडे विद्येसाठी दुसरी, असा हा अनुक्रम आहे.

कालाचा संदर्भही महत्त्वाचा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला जाणे बंद पडले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या चार वर्षांत मुंबई इलाख्यात जेवढ्या सार्वजनिक इमारतींचे संकल्प झाले तेवढे त्यापूर्वी कधी झाले नव्हते. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर यांना बांधकामाची हौस होती व त्याबद्दलची निश्चित कल्पनाही होती. मुंबईच्या किल्ल्याचा तट त्यांच्याच कारकीर्दीत पडला. डेक्कन कॉलेजची कोनशिलाही १८६४ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या; तरी सुरू झालेले हे काम थांबले नाही. १८६८ च्या मार्च महिन्यात महाविद्यालय येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. अशा रीतीने ही वास्तू तेजीत योजिली गेली आणि मंदीत पुरी झाली.

इमारतीचा आराखडा रॉयल एंजिनिअर्समधील अधिकारी हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी केला. पुण्यातील ससून रुग्णालय, लष्कर भागातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, आणि मुंबईतील सचिवालय व सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत ही त्यांची इतर कामे. विल्किन्स हे शिक्षणाने लष्करी अभियंते होते. डोंगरी रस्ते व पूल यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि १८६८ च्या हबसाणच्या मोहिमेतही ते होते. त्यांच्या इमारतींमध्ये शैलीचा डौल असला तरी पायाचा, भाराचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा हिशोब आधी पक्का केलेला असतो. एडनच्या उन्हात व दक्खनच्या पावसात काम केलेल्या माणसाची ती सवय होती.

४. वास्तूची रचना

या वास्तूला सामान्यतः ‘गॉथिक’ म्हणतात. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बाराव्या ते पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात, प्रथम चर्चच्या व मठांच्या बांधकामात, जी टोकदार कमानीची पद्धत विकसित झाली तिचे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुनरुज्जीवन झाले. त्यामागे केवळ अभिरुची नव्हती. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील जुनी महाविद्यालये मठांच्या नमुन्यावर बांधलेली असल्यामुळे ‘विद्येचे घर’ म्हणजे मध्ये चौकोनी अंगण, भोवती कमानींची ओवरी, एक सभागृह, एक ग्रंथालय, एक मनोरा आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या, हे चित्र इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात ठसलेले होते. येरवड्यास तेच चित्र दगडात उतरविण्यात आले.

मुख्य भाग दोन मजली असून त्याला काटकोनात जोडलेल्या दोन बाजूंमुळे मधल्या मोकळ्या जागेला तीन बाजूंनी वेढा पडतो. टोकदार कमानींच्या रांगा, उतरते छप्पर, आणि क्षितिजरेषेवर दुरून दिसणारा मनोरा ही तिची ठळक अंगे होत. मूळ इंग्रजी नमुन्याशी तुलना केली असता दोन फरक ताबडतोब जाणवतात. पहिला फरक सामग्रीचा. इंग्लंडमधील चुनखडीचा दगड मऊ असतो, त्यावर बारीक नक्षी सहज उठते. दक्खनचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेला. तो अत्यंत कठीण, घाव झेलणारा, आणि नक्षीला नाखूष. पाथरवटाने तो ताशीव करून थरावर थर रचला म्हणजे भिंत अभेद्य होते. परंतु पानाफुलांचे कोरीव काम त्यात बेताचेच करावे लागते. त्यामुळे येथील गॉथिक आपोआप साधे व गंभीर झाले. अलंकरणाचे काम कमानीच्या रेषेने, सावलीने आणि भिंतीच्या जाडीने केले आहे.

दुसरा फरक हवामानाचा. मठातील ओवरी ही फिरण्याची व चिंतनाची जागा. येथे तिला निराळे काम मिळाले. पश्चिमेकडून येणारा पाऊस आणि चैत्र-वैशाखातील ऊन यांना आतल्या दालनापासून दूर ठेवणे हे ते काम. कमानींच्या ओळीमागे व्हरांडा, त्यामागे जाड भिंत व मग दालन अशी ही तिहेरी योजना आहे. टोकदार कमानीचा स्थापत्यदृष्ट्या एक लाभ असा की, ती वरचा भार अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा अधिक उभा खाली नेते आणि बाजूंवरील रेटा कमी करते. त्यामुळे खांब तुलनेने बारीक ठेवून कमान उंच नेता येते व हवा खेळती राहते. उंच छताखाली तापलेली हवा वर जाते आणि माणसाच्या उंचीवर गारवा राहतो. वाड्यातील चौक व ओसरी यांनी जे साधले होते तेच येथे वेगळ्या व्याकरणाने साधले आहे. चौक आणि क्वाड्रँगल, ओसरी आणि ओवरी यांचे कार्य एक, रूपे दोन. विल्किन्सने वाड्यावरून काही घेतले असे म्हणण्यास आधार नाही. एकाच हवेत बांधणाऱ्या दोन परंपरा स्वतंत्रपणे एकाच उत्तराशी आल्या, एवढेच म्हणणे रास्त होईल.

भेद मात्र एका बाबतीत मूलगामी आहे. वाडा वस्तीत असतो, त्याची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असते, आणि त्याचा दर्शनी भाग रस्त्याशी बोलतो. येरवड्याची इमारत शंभराहून अधिक एकरांच्या आवारात एकटी उभी आहे, शहरापासून दूर, नदीपलीकडे. नदीवरील फिट्झजेराल्ड पूल १८६९ मध्ये, म्हणजे महाविद्यालय तेथे गेल्यानंतर, पुरा झाला. अंतर हे येथे रचनेचेच एक अंग आहे. विद्यार्थ्याने घर, पेठ, जात आणि सणवार यांपासून दूर राहावे, खोलीत वाचावे, मैदानावर खेळावे, नदीत होडी वल्हवावी आणि अशा रीतीने नवा मनुष्य व्हावा, अशी त्या काळच्या शिक्षणाधिकाऱ्यांची अपेक्षा होती. लाकडी वाड्याच्या तुलनेत दगडी इमारतीचा टिकाऊपणाही लवकरच सिद्ध झाला. मे १८७९ मध्ये पुण्यात लागलेल्या आगींत बुधवारवाडा भस्मसात झाला व विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला.

५. राज्यकर्त्यांचे घर आणि त्यातील बंडखोर

घर बांधणाऱ्याचा हेतू आणि घरात वाढणाऱ्याची वृत्ती यांचा मेळ बसतोच असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. बाळ गंगाधर टिळकही येथे दाखल झाले. १८७९ मध्ये टिळक कायद्याचा व गोपाळ गणेश आगरकर एम. ए. चा अभ्यास करीत असता याच आवारात त्यांच्या ज्या चर्चा झाल्या, त्यांतून सरकारी नोकरी न करता देशी माणसांच्या हाती असलेले शिक्षण उभारण्याचा संकल्प निघाला. जानेवारी १८८० मध्ये चिपळूणकरांसह त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले; १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. एकांत मिळाला म्हणजे मनुष्य राजनिष्ठ होतो असे राज्यकर्त्यांना वाटले होते. एकांतात मनुष्य विचार करू लागतो, असा अनुभव आला. टिळक विद्यार्थिदशेत ज्या खोलीत राहत ती पुढे स्मारक म्हणून जतन करण्यात आली. कॉलेजपासून जवळच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात येरवड्याचा तुरुंग उभारला, आणि १८९८ साली टिळकांच्या पहिल्या राजद्रोहाच्या शिक्षेचा शेवटचा भाग त्याच तुरुंगात गेला. एकाच राजवटीच्या या दोन दगडी वास्तू एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

दरवाजाचा प्रश्नही येथे निराळ्या प्रकारे सुटू लागला. विद्यापीठाच्या नियमांत जन्मावर आधारलेली अट नव्हती. १८८० नंतरच्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी या तेथे शिकल्या व मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. पुढे ऑक्सफर्ड येथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. तथापि नियमात अट नसणे आणि प्रत्यक्ष प्रवेश सुलभ असणे यांत महदंतर आहे. फी, वसतिगृहाचा खर्च आणि इंग्रजी शाळेतील पूर्वशिक्षण यांची चाळणी जातीच्या चाळणीहून फारशी विरळ नव्हती. पाठशाळेचा दरवाजा जन्म पाहून उघडे. महाविद्यालयाचा दरवाजा पूर्वशिक्षण व पैसा पाहून उघडू लागला. फरक एवढाच, पण तो महत्त्वाचा, की दुसऱ्या प्रकारचा अडसर प्रयत्नाने दूर करता येत होता.

विद्येच्या अंगाने पाहता या वास्तूचे सर्वांत मोठे कार्य संस्कृत अध्ययनाच्या क्षेत्रात झाले. १८६६ मध्ये पुण्यास आलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी येथे पंधरा वर्षे अध्यापन केले. अनंतशास्त्री पेंढरकर यांच्यासारख्या पुण्याच्या वैयाकरणांपाशी बसून त्यांनी पाणिनीय परंपरा आत्मसात केली, आणि जर्मन संपादनशास्त्राची शिस्त तिच्याशी जोडून ‘महाभाष्या’ची चिकित्सक आवृत्ती १८८० पासून प्रसिद्ध केली. येथे दोन अध्ययनपद्धती समोरासमोर आल्या होत्या: ओसरीवरील मुखपाठाची आणि ग्रंथालयातील हस्तलिखित-तुलनेची. वास्तू दुसरीसाठी बांधलेली होती. पण पहिलीवाचून दुसरी पांगळी राहिली असती, हे कीलहॉर्न यांच्या कार्यावरून सिद्ध होते. त्यांच्यानंतर भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि १८९३ पर्यंत राहिले. १८७८ पासून मुंबई सरकारने संग्रहित केलेली हस्तलिखिते या इमारतीत ठेवण्यात आली. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर, पुढील वर्षी, हा संग्रह तेथे गेला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य ज्या संस्थेत झाले तिच्या ग्रंथधनाचा मोठा भाग चाळीस वर्षे येरवड्याच्या दगडी छपराखाली सांभाळला गेला होता.

६. समुदाय की घर?

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर जगभर आर्थिक मंदी आली आणि सरकारी खर्चाला कात्री लागली. पुण्यात आता इतर महाविद्यालये होती. यास्तव सरकारला हे महाविद्यालय अनावश्यक वाटले. १९३४ मध्ये ते बंद करण्यात आले.

येथे आधी निर्देशिलेला शब्दार्थाचा प्रश्न व्यवहारात उभा राहिला. कॉलेज म्हणजे विद्यार्थी व अध्यापक यांचा समुदाय असेल, तर समुदाय पांगविला की कॉलेज संपले. उरलेली जमीन व दगड सरकारचे. परंतु माजी विद्यार्थ्यांनी हा अर्थ मान्य केला नाही. जीजीभॉय घराण्याने लक्ष रुपये दिले ते एका निश्चित हेतूने. तो हेतू वास्तूशी कायमचा निगडित आहे, आणि घेणाऱ्याला तो एकतर्फी सोडता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. प्रकरण न्यायालयात गेले. सत्तर वर्षांपूर्वी दिलेली देणगी, जिने त्या वेळी सरकारचे ओझे हलके केले होते, तीच आता सरकारच्या हातातील बेडी ठरली. अखेर मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ असता, १७ ऑगस्ट १९३९ रोजी, ही संस्था ‘डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था’ या रूपाने पुन्हा उघडली.

या घटनेचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. १८२१ मध्ये विद्येला आधार होता तो राज्यकर्त्याच्या दानाचा; ते दान त्याच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि म्हणूनच राज्य बदलताच त्याचे रूप बदलले. १८६४ मध्ये त्यात खासगी देणगीची भर पडली. तिच्याबरोबर ‘विश्वस्तनिधी’ ही कल्पना आली, आणि घेणाराही बांधला गेला. दक्षिणा दिली की दात्याचा संबंध संपतो. विश्वस्तनिधीत दात्याचा हेतू मागे उरतो व तो लोकांना चालविता येतो. डेक्कन कॉलेज वाचले ते गॉथिक कमानींच्या सौंदर्यामुळे नव्हे. कमानींच्या मागे एक करार होता, आणि तो करार स्मरणात ठेवणारा माजी विद्यार्थ्यांचा समुदाय होता. घराने समुदायाला हक्क दिला. समुदायाने घराला पुन्हा जीव दिला.

७. १९३९ नंतरचे कार्य

पुनरुज्जीवित संस्थेचे पहिले संचालक इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला हे भाषाशास्त्रज्ञ होते. १९४२ पासून सुमित्र मंगेश कत्रे यांनी ती धुरा दीर्घकाल वाहिली. पहिल्याच तुकडीत हसमुख धीरजलाल सांकलिया, इरावती कर्वे, त्र्यंबक शंकर शेजवलकर आणि द्राविड भाषाशास्त्राचे चि. रा. शंकरन् ही मंडळी होती. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी जमविलेला सातारच्या ऐतिहासिक संग्रहालयाचा ठेवाही १९३९ मध्ये येथे आला. पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या वर्गांसाठी योजलेल्या दालनांत उत्खननांतील खापरे, मोडीतील कागद आणि ध्वनिशास्त्राची उपकरणे आली. १९५४ पासून भाषाशास्त्राच्या वर्गांना देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून अभ्यासक येऊ लागले, आणि भारतात या शास्त्राच्या आधुनिक अध्यापनाचा पाया तेथे घातला गेला. १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाची योजना हाती घेण्यात आली. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास शब्दपत्रिका तयार झाल्या. अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या कार्याला वास्तूची अनुकूलता कितपत होती? जाड भिंती व उंच छत यांमुळे कागदाला लागणारे थंड व स्थिर हवामान मिळते. प्रशस्त आवारामुळे नवी दालने बांधताना जुन्या इमारतीला हात लावावा लागत नाही. उलटपक्षी प्रयोगशाळेला लागणारे विजेचे व पाण्याचे जाळे दगडी भिंतीत बसविणे कष्टाचे, आणि दमट पावसाळ्यात छपराची निगा खर्चाची. शंभर वर्षांहून अधिक काळ उपयोगात असलेल्या प्रत्येक वास्तूचा हा अनुभव आहे. तथापि वास्तू उपयोगात आहे म्हणूनच तिची निगा राहते, हेही तितकेच खरे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, डेक्कन कॉलेजची वास्तू ही संस्थेच्या इतिहासाचा आरंभ नसून तिच्या मध्यावरील एक टप्पा आहे. तिच्या आधी वाडा आहे आणि तिच्यानंतर कोशाची पत्रिका आहे. दुसरी, तिची गॉथिक शैली परकी असली तरी दक्खनचा कातळ, येथील पाऊस आणि येथील पाथरवटाचा हात यांनी तिला स्थानिक वळण दिले. ‘परकी’ किंवा ‘आपली’ अशी एकच चिठ्ठी तिच्यावर लावता येत नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, सार्वजनिक विद्यावास्तूचा खरा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर १९३४ ते १९३९ या पाच वर्षांत मिळाले. तो धनी सरकार नव्हे, आणि देणगीदारही नव्हे. ज्या हेतूसाठी ती वास्तू उभी राहिली तो हेतू चालविणारा समुदाय हाच तिचा धनी होय.

यास्तव अशा वास्तूंच्या जतनाचा विचार करताना दगडांची डागडुजी, रंगाचा मूळ पोत आणि कौलांची मांडणी यांकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढेच लक्ष देणगीपत्रे, नियमावल्या, हजेरीपट आणि ग्रंथालयाच्या नोंदवह्या यांच्याकडेही दिले पाहिजे. डेक्कन कॉलेज बंद झाले त्या वेळी त्याच्या बाजूने बोलली ती ही कागदपत्रेच.